कलावंताची भेट आणि रसिकाची आठवण

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून बहुधा राजकारण, अर्थकारण, विज्ञान, धर्म अशा भारदस्त विषयांचा ऊहापोह होत असतो. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात ही प्रथा पडली, तेव्हापासून असेच चालत आले आहे आणि ते योग्यच आहे. त्या मानाने आम्ही निवडलेला विषय घरगुती वाटण्याचा संभव आहे. आपल्या आवडत्या गायकाला किंवा वादकाला आपण आयुष्यात कधीतरी एकदा भेटलेलो असतो. पुढे तो कलावंत हे जग सोडून जातो, आणि ती पाच-दहा मिनिटांची भेट आपण एखाद्या दागिन्यासारखी जपून ठेवतो. पाहुणे आले की ती काढून दाखवतो, नातवंडांना सांगतो, आणि पुष्कळदा सांगता सांगता तिला थोडी जिल्हईही देतो. अशा आठवणीचे मोल काय? ती केवळ सांगणाऱ्याच्या अभिमानाची बाब आहे, की तिच्यात इतरांच्या उपयोगाचेही काही असते? आणि असेल, तर ते टिकावे कसे? या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

मीरा-भाईंदरसारख्या शहरात हा प्रश्न विचारण्यास एक विशेष कारण आहे. येथे १९८५ साली नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली. खाडीकाठची, मिठागरांभोवतीची, उत्तनकडच्या कोळीवाड्यांची मूळची वस्ती येथे आहेच. पण आपल्यापैकी पुष्कळ जण मागाहून आलेले आहेत. कोणी गिरगावातून आले, कोणी परळ-दादरहून, कोणी कोकणातून, कोणी देशावरून. येताना देव्हाऱ्यातले देव आणले, भांडीकुंडी आणली, तशाच आठवणीही आणल्या. कोणाजवळ गिरगावच्या गणेशोत्सवातली एखादी बैठक आहे, कोणाजवळ सांगली-मिरजेकडचे नाटक आहे, कोणाजवळ पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवातली थंडीची रात्र आहे. जुन्या गावात अशा आठवणी देवळाच्या पारावर एकत्र येतात. एकाने साल चुकवले तर दुसरा दुरुस्त करतो, तिसरा तबल्याला कोण होते ते सांगतो. नव्या शहरात ही सोय नाही. येथे प्रत्येक आठवण आपापल्या खोलीत, आपापल्या दाराआड राहते. समोरच्या बिऱ्हाडातल्या आजोबांनी कोणाचे गाणे ऐकले आहे हे आपल्याला ठाऊक नसते, आणि ठाऊक होते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. आपल्या शहरातील एका नाट्यगृहास लता मंगेशकरांचे नाव दिलेले आहे ही आनंदाची गोष्ट होय. परंतु नाव भिंतीवर राहते. त्या नावाभोवतीचे जे माणसांच्या मनात आहे, ते त्या त्या माणसाबरोबर जाते.

कोणी म्हणेल, आता ध्वनिमुद्रणाची एवढी सोय झाली आहे, कलावंताचे गाणे कायमचे शिल्लक आहे, मग रसिकाच्या आठवणीची आवश्यकता काय? या शंकेचे उत्तर देण्यापूर्वी ध्वनिमुद्रणात काय राहते आणि काय राहत नाही हे पाहिले पाहिजे. जुनी तबकडी मिनिटास ७८ फेरे घेई. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावे. जो ख्याल बैठकीत तासभर चालावयाचा, तो एवढ्या वेळात बसवावा लागे. म्हणजे तबकडीत राहिला तो गाण्याचा अर्क. अर्काची योग्यता मोठी असते हे खरे, पण गुलाबाचा अर्क हाती आला म्हणजे गुलाबाचे झाड पाहिल्यासारखे होत नाही.

सूरश्री केसरबाई केरकर यांचेच उदाहरण घ्या. अमेरिकेने १९७७ साली व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली. त्यांवर पृथ्वीवरील निवडक ध्वनींची एक सोनेरी तबकडी बसवलेली आहे, आणि तीत केसरबाईंची भैरवी आहे. तिची लांबी साडेतीन मिनिटे. दोहोंपैकी मागाहून सुटलेले यान ५ सप्टेंबर रोजी निघाले, आणि १६ सप्टेंबर रोजी केसरबाई निवर्तल्या. ती साडेतीन मिनिटे आज ताऱ्यांमधल्या अवकाशातून प्रवास करीत आहेत. पण केसरबाई बैठकीस आल्या म्हणजे सभेत काय होई, तंबोरे जुळेपर्यंत लोक कसे बसून राहत, एखादी तान समेवर आली की पुढच्या रांगेतला जाणकार काय करी, हे त्या तबकडीत नाही. ते ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांच्याजवळच होते, आणि त्यांच्यापैकी आता थोडे उरले आहेत.

काही थोर गायकांच्या बाबतीत तर तबकडीचाही आधार नाही. भास्करबुवा बखले हे बालगंधर्वांचे आणि मास्तर कृष्णरावांचे गुरू, पुण्याच्या भारत गायन समाजाचे संस्थापक. ते १९२२ साली वारले. त्यांच्या गाण्याचे एकही मुद्रण उपलब्ध नाही. जयपूर-अत्रौली गायकीचे प्रवर्तक अल्लादियाखाँ १९४६ पर्यंत हयात होते, पण त्यांचाही आवाज आपल्यासाठी राहिलेला नाही. मग या दोघांच्या गाण्याची कल्पना आपल्याला कशावरून येते? एक तर शिष्यांच्या गळ्यावरून, आणि दुसरे म्हणजे ऐकणाऱ्यांच्या लेखणीवरून. गोविंदराव टेंबे यांनी या दोघांचा सहवास जवळून अनुभवला होता. स्वतः उत्तम पेटीवादक, 'मानापमान'चे संगीतकार, आणि पुढे 'अयोध्येचा राजा' या बोलपटातील हरिश्चंद्र. 'माझा संगीत व्यासंग' या पुस्तकात त्यांनी ऐकलेले आणि पाहिलेले लिहून ठेवले. ते त्यांनी लिहिले नसते, तर आपल्याजवळ या गायकांची नावे, जन्ममृत्यूची साले आणि शिष्यांची यादी एवढेच उरले असते. यादीवरून माणूस कळत नाही आणि गाणेही कळत नाही.

टेंब्यांसारख्या जाणत्याची गोष्ट वेगळी, आपण साधे कानसेन, असे वाटून संकोच करण्याचे कारण नाही. साध्या श्रोत्याजवळही असे काही असते की जे जाणत्याच्या लक्षात येत नाही. बालगंधर्वांच्या नाटकांचे पाहा. त्यांच्या तबकड्या आहेत, आणि त्या ऐकून आजही मान डोलते. परंतु नाट्यगृहात एकेका पदाला 'वन्स मोअर' मिळत, तेच पद ते नव्या नव्या अंगाने आळवीत, आणि प्रयोग रात्र उलटेपर्यंत लांबत असे. थिरकवाँसाहेबांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी यांच्या संगतीत ते पद कसे वाढत जाई, हे तबकडीच्या तीन मिनिटांत कोठून येणार? आणि पिटातला प्रेक्षक कोणत्या जागेला उसळे, बायकांच्या बाजूला डोळ्यांना पदर केव्हा लागे, हे संगीतशास्त्रावरच्या ग्रंथात सापडत नाही. ते सांगावे पिटात बसलेल्यानेच. १९४० साली दहा वर्षांच्या मुलाने वडिलांच्या मांडीवर बसून जर बालगंधर्व पाहिले असतील, तर तो मुलगा आज नव्वदी ओलांडून गेला असणार. या एका हिशेबावरून आपल्याजवळ किती थोडा वेळ आहे हे ध्यानात यावे.

येथवर आठवणीची बाजू मांडली. आता तिचे दोषही पाहिले पाहिजेत, कारण भाबडेपणाने जपलेली आठवण कित्येकदा इतिहासाला साहाय्य करण्याऐवजी अडथळाच करते.

पहिली गोष्ट, कलावंताची आणि रसिकाची भेट ही बरोबरीची भेट नसते. कार्यक्रम संपतो, आपण गर्दीतून वाट काढीत रंगपटात जातो, वाकून नमस्कार करतो, सहीसाठी वही पुढे करतो, दोन शब्द बोलतो. आपल्या दृष्टीने तो आयुष्यातला क्षण असतो. कलावंताच्या दृष्टीने ती त्या रात्रीची चाळिसावी वही असते. तो दमलेला असतो, घसा कोरडा पडलेला असतो, बाहेर गाडी थांबलेली असते. अशा वेळी तो हसला तर आपण म्हणतो, काय त्यांचा साधेपणा! आणि तो हसला नाही तर म्हणतो, भारी गर्विष्ठ माणूस! दोन्ही निष्कर्ष पाच मिनिटांवरून काढलेले असतात, आणि दोहोंतही कलावंतापेक्षा आपल्या अपेक्षेचेच दर्शन अधिक घडते.

बालगंधर्व भेटलेल्या माणसास 'देवा' म्हणून संबोधीत. त्यांना एकदाच भेटलेला रसिक घरी येऊन मोठ्या अभिमानाने सांगे की, मला ते 'देवा' म्हणाले! त्या अभिमानाला हसण्याचे कारण नाही. कोणालाही तसे वाटले असते. पण वस्तुतः तो मान एकट्याला मिळालेला नव्हता. ते सर्वांनाच तसे म्हणत, आणि प्रेक्षकांना अन्नदाते मायबाप मानीत. आता यातली गंमत पाहा. एकच आठवण घेतली तर तिचा अर्थ चुकतो. ती सांगणाऱ्याला वाटते की आपण विशेष होतो. परंतु निरनिराळ्या गावच्या, निरनिराळ्या काळच्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांच्या शंभर आठवणी शेजारी ठेवल्या की त्यांतून एक पक्की गोष्ट हाती येते: हा कलावंत आपल्या प्रेक्षकांशी कोणत्या भावाने वागत होता. सांगणाऱ्याचा अभिमान त्यातून गळून पडतो आणि कलावंताचा स्वभाव शिल्लक राहतो. आमच्या मते रसिकाच्या आठवणीचे खरे मोल येथे आहे. ती एकटी असताना दागिना असते. इतर आठवणींच्या शेजारी ठेवली म्हणजे ती साक्ष होते.

दुसरा दोष स्मरणशक्तीचाच आहे. आपण समजतो की आठवण म्हणजे पेटीत ठेवलेले वस्त्र. काढावे तेव्हा जसेच्या तसे निघते. तसे नाही. केंब्रिज येथील मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली आपले याविषयीचे प्रयोग पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. त्यांनी इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा वाचावयास दिली आणि मग कमीअधिक दिवसांनी तीच कथा पुनःपुन्हा सांगावयास लावली. प्रत्येक खेपेस कथा आखूड होत गेली. जे परके वाटत होते ते गळाले, आणि ओळखीचे घुसले. मुळातील 'कनू' जाऊन तेथे साधी बोट आली, सील पकडण्याच्या जागी मासेमारी आली. सांगणारे खोटे बोलत नव्हते. मन प्रत्येक वेळी गोष्ट नव्याने रचते, आणि रचताना आपल्या सवयीचे सामान वापरते, असा याचा अर्थ आहे. म्हणून जी आठवण आपण सर्वांत जास्त वेळा सांगितली, तिच्यावरच सर्वांत जास्त विश्वास ठेवणे धोक्याचे. पन्नास वेळा सांगितलेली गोष्ट म्हणजे पन्नास वेळा नव्याने रचलेली गोष्ट.

नाट्यसंगीताच्या इतिहासात अशा रचनेस वाव देणारे प्रसंग पुष्कळ आहेत. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान'चा प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. त्याच वर्षी ४ ऑक्टोबर रोजी केशवराव निवर्तले, त्यामुळे त्या प्रयोगाला आणखीच तेज चढले. इतके निश्चित. बाकी तिकिटांचे दर काय होते, कोणी कोणावर मात केली, कोणत्या पदाला किती वेळा टाळी पडली, याच्या हकिकती घरोघर वेगवेगळ्या. त्या ऐकल्या म्हणजे वाटते की महाराष्ट्रातल्या निम्म्या कुटुंबांचे आजोबा त्या रात्री त्या एका नाट्यगृहात मावले होते! यात लबाडी नाही, प्रेम आहे. पण प्रेमाने सांगितलेली गोष्टसुद्धा तपासून घ्यावी लागते, नाहीतर खऱ्या प्रसंगाचे खरेपणच झाकले जाते. १२ मार्च १९११ रोजी 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी गेली, आणि तरीही ते रंगभूमीवर उभे राहिले. ही घटना एवढीच सांगितली तरी ऐकणाऱ्याचा कंठ दाटतो. तिला मीठमसाला लावण्याची आवश्यकता नाही.

मग चांगली आठवण कशी असते? एक नमुना लताबाईंच्याच आयुष्यातला आहे, आणि तोही रसिक या नात्याने. ज्यांच्या भेटीसाठी देशभरचे लोक तळमळत, त्या लता मंगेशकर स्वतः कुंदनलाल सैगल यांच्या निस्सीम भक्त होत्या. त्यांना एकदा भेटावे ही त्यांची इच्छा होती. ती पुरी झाली नाही. पहिला रेडिओ आपण हौसेने विकत आणला, तो लावला, आणि सैगल गेल्याची बातमी कानी आली, तेव्हा तो रेडिओ आपण परत करून टाकला, असे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. या आठवणीत सैगलांच्या आवाजाची स्तुती नाही, शोकाची वर्णनेही नाहीत. एक वस्तू आहे, ती आणली आणि परत केली, एवढेच. तेवढ्यावरून वडिलांच्या मागे घराचा भार वाहणाऱ्या एका तरुण मुलीला काय वाटले असेल ते कोणालाही कळते.

हीच आठवण तपासून कशी पाहावी तेही पाहू. ही हकिकत सांगताना लताबाईंचे त्या वेळचे वय अठरा दिले जाते. सैगल १८ जानेवारी १९४७ रोजी जालंदर येथे वारले. लताबाईंचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ चा. हिशेब केला तर त्या दिवशी त्यांना सतरा वर्षे पुरी होऊन अठरावे चालू होते. आपल्याकडे चालू वर्ष सांगण्याची रीत आहेच, तेव्हा यात काही वावगे नाही. परंतु तपासल्यामुळे आपल्याला दोन गोष्टी मिळाल्या. आठवण कालगणनेशी जुळते हे कळले, आणि ती कोणत्या आठवड्यातली आहे हेही कळले. ज्या आठवणीत एखादी निश्चित घटना गुंफलेली असते, ती अशी तपासता येते. 'फार वर्षांपूर्वी एकदा' अशी सुरुवात असलेली आठवण तपासता येत नाही, म्हणून ती कितीही गोड असली तरी तिचा उपयोग मर्यादित.

दुसरा नमुना प्राध्यापक बी. आर. देवधर यांचा. त्यांनी १९२५ साली मुंबईत ऑपेरा हाऊसजवळ संगीत विद्यालय काढले. कुमार गंधर्व लहानपणी त्यांच्याचकडे शिकले. 'संगीत कला विहार' या मासिकाचे संपादन त्यांनी केले, आणि भेटलेल्या गायक-वादकांविषयीचे त्यांचे लेखन 'थोर संगीतकार' या पुस्तकात आहे. देवधरही रसिकच होते, पण ते भेटीला जात ते जिज्ञासू म्हणून. आवाजाची जोपासना हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. साहजिकच गवयाने तालीम कोणाकडे व किती वर्षे घेतली, मेहनत कशी केली, आवाज कसा राखला, अशा गोष्टींकडे त्यांचे लक्ष असे. ज्याला काही जाणून घ्यावयाचे आहे त्याच्या भेटीतून काही निघते. ज्याला फक्त भेटावयाचे आहे त्याच्या भेटीतून छायाचित्र निघते.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. आपल्याजवळ अशी आठवण असेल तर ती कशी लिहावी, याविषयी आम्ही चार गोष्टी सुचवितो.

प्रथम काळ आणि स्थळ ठरवावे. तारीख आठवत नसेल तर आजूबाजूच्या घटना आठवाव्यात. आपण तेव्हा कोणत्या नोकरीत होतो, मुलगा कितव्या इयत्तेत होता, गणपती होते की दिवाळी. जुने तिकीट, कार्यक्रमपत्रिका, सही घेतलेली वही यांवर तारीख असते. छायाचित्र असल्यास त्याच्या पाठीमागे पेन्सिलीने हलक्या हाताने सर्वांची नावे लिहावीत. आज आपल्याला ती तोंडपाठ आहेत. वीस वर्षांनी त्या छायाचित्रातले सगळे चेहरे अनोळखी होतील.

दुसरे असे की, पाहिलेले, ऐकलेले आणि कोणी सांगितलेले या तिहींच्या तीन राशी कराव्यात. 'मी पाहिले की त्यांनी तंबोरा स्वतः जुळवला' हे एक. 'ते म्हणाले की आज घसा बरा नाही' हे दुसरे. 'असे म्हणतात की ते रोज पहाटे चारला उठत' हे तिसरे. तिन्ही लिहावे, पण एकमेकांत मिसळू नये. विशेषतः कलावंताच्या तोंडी वाक्ये घालताना सावध असावे. त्याच रात्री टिपून ठेवले नसेल, तर 'अशा अर्थाचे बोलले' एवढेच लिहावे. थोरांच्या नावावर खपणारी कित्येक सुंदर वाक्ये अशा प्रेमळ निष्काळजीपणातूनच जन्मास येतात.

तिसरे, क्षुल्लक वाटणारे टाकू नये. साथीला कोण होते, कोणता राग आधी आणि कोणता मागून झाला, बैठक गादीवर होती की रंगमंचावर, मध्यंतरात काय दिले, लोक किती होते, ध्वनिक्षेपक होता की नव्हता. 'त्यांचे गाणे स्वर्गीय होते' हे लिहिले नाही तरी चालेल. ते सर्वांनाच मान्य आहे. पण त्या दिवशी पेटीवर कोण होते हे आपण एकट्यालाच ठाऊक असण्याचा संभव आहे.

चौथी गोष्ट नाजूक आहे. कलावंताच्या पडत्या काळातली आठवण असेल तर काय करावे? बालगंधर्वांचे उत्तरायुष्य कष्टात गेले. कर्ज झाले, पाय अधू झाले, आणि ज्या देहाच्या डौलावर महाराष्ट्र भुलला होता तो देह परस्वाधीन झाला. १९६४ साली पद्मभूषण मिळाले, १५ जुलै १९६७ रोजी ते गेले. त्या अखेरच्या वर्षांत ज्यांनी त्यांना पाहिले त्यांनी ते सांगावे की झाकावे? आमचे मत असे की, सांगावे, पण आपण भाऊबंदाविषयी जसे सांगू तसे. दुखण्याचा तपशील, घरातली भांडणे, देण्याघेण्याच्या गोष्टी यांचा चवीने उच्चार करू नये. परंतु थकलेल्या गळ्यातूनही एखादी जागा कशी उमटली, किंवा उमटली नाही तेव्हा समोरचे लोक कसे स्तब्ध राहिले, हे सांगण्यात अपमान नाही. केवळ वैभवाचाच काळ आठवणे म्हणजे कलावंतावर नव्हे, त्याच्या शालूवर प्रेम करणे होय.

एवढे करून लिहिलेले कागद ठेवावयाचे कोठे, हा शेवटचा प्रश्न. येथे भीमसेन जोशी यांचे स्मरण होते. अब्दुल करीमखाँ यांची झिंझोटीतील ठुमरीची तबकडी ऐकून वेडावलेला हा मुलगा १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंदर अशी वणवण करून अखेर तो अब्दुल करीमखाँचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे पोहोचला. सवाई गंधर्व १९५२ साली वारले आणि १९५३ पासून पुण्यात त्यांच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव भरू लागला. भीमसेनजींनी तो आयुष्यभर वाढवला. २०११ साली तेही गेले. महोत्सव चालूच आहे. एका शिष्याच्या मनातली आठवण ज्या क्षणी चारचौघांत मांडली गेली, त्या क्षणी ती एकट्याच्या आयुष्यापुरती राहिली नाही. दरवर्षी लोक तेथे येतात, जुन्या बैठकींच्या गोष्टी निघतात, एकमेकांच्या चुका दुरुस्त होतात. पारावरचे काम महोत्सव करतो.

आपल्या शहरालाही अशा एका पाराची आवश्यकता आहे. त्यास मोठा खर्च नाही. वर्षातून एक संध्याकाळ ठरवावी. शहरातल्या ज्येष्ठ रसिकांना बोलवावे, प्रत्येकास दहा मिनिटे द्यावीत, आणि बोलणे ध्वनिमुद्रित करावे. आता ते खिशातल्या दूरध्वनीवरही होते. एकाने सांगितलेल्या बैठकीला दुसरा हजर असेल तर त्यास उभे करावे. कोणाच्या घरी जुन्या फितीची रिळे किंवा कॅसेट पडून असतील तर त्यांवर काय आहे ते विचारून घ्यावे, कारण फीत दमट हवेत टिकत नाही आणि आपली हवा खाडीची आहे. जमलेले कागद एखाद्या वाचनालयात एका फाइलीत ठेवले, आणि त्यांची एक प्रत दुसरीकडे ठेवली, तरी पहिल्या वर्षाचे काम झाले.

हे काम कोणा थोर गवयाच्या सन्मानासाठी करावयाचे आहे असे नाही. त्यांचा सन्मान त्यांच्या गाण्याने केव्हाच करून ठेवला आहे. ज्यांनी त्यांना ऐकले, ज्यांच्यासमोर बसून ते गायले, ती माणसेही त्या गाण्याचा अर्धा भाग होती. गाणाऱ्याची नोंद आपण ठेवली; ऐकणाऱ्याची ठेवली नाही. आपल्या इमारतीत असे कोण आहे याची चौकशी करण्यास आजचा दिवस बरा आहे.